शाकुहाची आणि श्वासाची बैठक : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५. काय करायचं आहे

सहा जणांच्या ध्यानगटासाठी शाकुहाची ही जपानी उभी बासरी बारा आठवडे वापरायची. मैफलीचं वादन शिकवायचं नाही. जपानात फुके पंथाचे कोमुसो भिक्षू डोकं पूर्ण झाकणारी विणलेली टोपली, म्हणजे तेंगाई, घालून ही बासरी वाजवत फिरायचे. त्यांच्या वाजवण्याला 'सुइझेन' म्हणतात. सुइ म्हणजे फुंकणं, झेन म्हणजे ध्यान. मेइजी सरकारने १८७१ मध्ये हा पंथच बंद केला, पण वाजवण्याची रीत क्योतोच्या म्योआनजी देवळात आणि वेगवेगळ्या घराण्यांत टिकून राहिली. त्या रीतीतला सगळ्यात साधा भाग तेवढा घ्यायचा आहे: एकच खालचा सूर, पूर्ण श्वासभर.

वाद्याचं नाव मापावरून पडलं आहे. इश्शाकु हास्सुन म्हणजे १ शाकु ८ सुन. शाकु ३०.३ सेंमीचा आणि सुन त्याचा दहावा भाग, म्हणून लांबी ५४.५ सेंमी. पुढे चार भोकं आणि मागे एक. सगळी बंद केली की पेटीतल्या पांढरी दोन पट्टीचा सूर येतो. जपानी नाव 'रो'.

खरी शाकुहाची मादाके जातीच्या बांबूच्या मुळाकडच्या भागाची असते. गटाकडे अशी एकच आहे, जिनाशी प्रकारची, म्हणजे आत लुकणाचा थर न देता बांबूची मूळ पोकळी राखलेली. ती ऐकवण्यापुरती ठेवायची. सरावासाठी सहा नळ्या पीव्हीसीच्या करायच्या. बांबूची किंमत हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं: पुण्यातली फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा बांबूला सोसत नाही.

११ जानेवारी. पाइप

पाऊण इंची, शेड्यूल ४० चा (भिंतीच्या जाडीचा दर्जा) यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी, पाइप घेतला. बाहेरचा व्यास २६.७ मिमी, आतला २०.९ मिमी, भिंत २.९ मिमी. दुकानात नुसतं 'पाऊण इंची' म्हटलं तर गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी हातात पडू शकतो. त्याचा आतला व्यास साधारण १८ मिमीच असतो. एवढ्या अरुंद नळीत वरचं सप्तक चटकन लागतं आणि खालचा रो पातळ होतो, आणि इथे तर सगळा भर रोवरच आहे. व्यास मोजायचा व्हर्नियर सोबत नेलेला बरा.

तुकडे ५५० मिमीचे कापले. ५४५ ला आणण्याआधी सूर तपासायचा आहे. पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने एक्सा ब्लेड चालवलं की काप काटकोनात बसतो. तोंडाकडचा काप तिरका राहिला तर हनुवटी नीट टेकत नाही आणि पुढची सगळी मापं चुकत जातात.

१२ जानेवारी. उतागुची, म्हणजे फुंकायची धार

आजचा पूर्ण दिवस यात गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. आडव्या बासरीत फुंकायला भोक असतं. इथे नळीचं वरचं तोंड उघडं असतं, हनुवटी आणि खालचा ओठ त्याचा मागचा भाग झाकतात आणि फुंक समोरच्या धारेवर फुटते. धार बिघडली की नळी कामातून गेली.

बाहेरच्या भिंतीवर वरच्या कडेपासून ७ मिमी खाली खूण केली. तिथून वर, नळीच्या उभ्या रेषेशी ३५ अंशांचा कोन धरून, सपाट कानशीने घासत गेलो. उतार आतल्या भिंतीला भिडला की धार तयार होते. रुंदी १२ मिमी आणि वरच्या कडेपासून खोली पावणेतीन मिमी झाली की थांबायचं. ही दोन्ही मापं एकमेकांना बांधलेली आहेत. घासत राहिलं तर धार रुंदही होते आणि खोलही. १५ मिमीच्या पुढे गेलेल्या धारेला फार फुंक लागते, नवख्याचा दम चार सेकंदांत संपतो.

पहिल्या नळीत कानस शेवटी आतल्या बाजूला झुकली आणि धारेची आतली कड गोल झाली. नुसता फुसफुस आवाज, सूर नाही. तेवढा भाग कापून धार पुन्हा केली. म्हणून पुढच्या नळ्यांना आतल्या बाजूला कानस लावलीच नाही. फक्त ४०० नंबरचा पॉलिश पेपर दोनदा हलक्या हाताने फिरवून लोंबणारा कचरा काढला. धार स्वच्छ हवी, पण ब्लेडसारखी धारदार नको, ओठाला लागते.

समोरची बाजू झाल्यावर मागची. हनुवटी जिथे टेकते तिथली बाहेरची कड चांगली गोल केली. हे बहुतेक जण सोडून देतात आणि मग दहा मिनिटांत हनुवटीवर लाल वळ उठतो.

पीव्हीसीचा भुसा बारीक असतो. मास्क लावला आणि घासकाम गॅलरीत केलं.

१८ जानेवारी. भोकं

खालच्या टोकापासून भोकांच्या मध्यापर्यंतची मापं: पहिलं १२१ मिमी, दुसरं १७१, तिसरं २१८, चौथं २८२ आणि मागचं पाचवं ३१४. शेवटचा व्यास १० मिमी. सुरुवातीला मात्र ८ मिमीच पाडली, कारण भोक मोठं केलं की सूर चढतो आणि चढलेला सूर खाली आणायला मग मेण भरत बसावं लागतं.

४ मिमीचं बिट आधी, मग पायऱ्यांचं. ड्रिल सावकाश चालवलं. वेग वाढला की पीव्हीसी वितळतं आणि आत चिकट कडं तयार होतं. ते कडं बाहेरून दिसत नाही, पण त्या भोकाचा सूर दबलेला आणि घशात अडकल्यासारखा येतो. पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून प्रत्येक भोक आतून साफ केलं.

सूर लावायला खालून सुरुवात केली. खालच्या भोकाचा व्यास बदलला की वरच्या सुरांवर थोडा परिणाम होतो. वरून सुरू केलं तर तेच काम दोनदा करावं लागतं.

एकेक भोक खालून उघडत गेल्यावर येणारे सूर: पांढरी दोनला सा धरला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि आणि वरचा सा. म्हणजे धानी रागाचे सूर. पेटीवाल्यांना हे लगेच ओळखू येतं.

१९ जानेवारी. दोन नळ्या छोट्या झाल्या

आजची चूक सविस्तर लिहून ठेवत आहोत.

सकाळी खोलीत १६ अंश होते. ट्यूनरवर सगळ्या नळ्यांचा रो उतरलेला दिसला, म्हणून दोन नळ्या खालून कापल्या. दुपारी त्याच दोन नळ्या १५ सेंट चढ्या निघाल्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). हवा तापली की तिच्यातला आवाजाचा वेग वाढतो आणि सूर चढतो: दर अंशाला सुमारे ३ सेंट. एवढ्या लांबीच्या नळीचा १ मिमी कापला तरी सूर तितकाच, सुमारे ३ सेंट, चढतो. थोडक्यात, थंडीत कापलेला प्रत्येक मिलिमीटर म्हणजे तापमानाच्या एका अंशाला नळीत कायमचं कोरून ठेवणं. सूर तपासायचा तो खोलीत २५ अंशांच्या आसपास असताना, आणि त्याआधी दोन मिनिटं फुंकून नळी आतून गरम झाल्यावर.

दुरुस्ती सोपी निघाली. जुन्या फाइलच्या जाड प्लास्टिकची पट्टी खालच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळून ५ मिमी पुढे काढली आणि टेप मारला. आत पायरी राहते, तिचा रोवर जाणवण्याइतका परिणाम होत नाही.

२६ जानेवारी. पहिली बैठक

पहिल्या दिवशी सहापैकी चौघांना सूर लागला, तोही तुटक. हे अपेक्षित आहे. ज्या क्रमाने शिकवलं तो क्रम:

सगळी भोकं उघडी ठेवून फक्त धारेवर फुंकायचं. ओठ किंचित ताणलेले, मधली फट तांदळाच्या दाण्याएवढी. नळी अंगापासून साधारण ४५ अंशांवर. सूर सापडला की भोकं वरून बंद करत यायची: डाव्या अंगठ्याने मागचं, तर्जनीने चौथं, अनामिकेने तिसरं. मग उजव्या तर्जनीने दुसरं आणि अनामिकेने पहिलं. दोन्ही मधली बोटं भोकांवर जात नाहीत. ती आणि उजवा अंगठा नळी धरून ठेवतात. आडवी बासरी वाजवणाऱ्याचं मधलं बोट सवयीने भोक शोधतं, त्याला दोन-तीन दिवस आठवण करून द्यावी लागते.

रो येत नसेल तर ओठांना दोष देण्याआधी उजवी अनामिका पाहावी. दहापैकी नऊ वेळा पहिल्या भोकातून हवा गळत असते. बोटाचं टोक नको, पहिल्या पेराचा मऊ भाग ठेवायचा. जोर वाढवून रो काढायला गेलं तर सूर वरच्या सप्तकात, 'कान'मध्ये, उडी मारतो. खालच्या 'ओत्सु' सप्तकाला रुंद आणि सावकाश फुंक लागते.

२ फेब्रुवारी. चक्कर

दोघांना चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या. कारण ठरलेलं आहे: सूर शोधायच्या नादात भराभर मोठे श्वास घेतले आणि सोडले जातात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. उपाय म्हणजे नळी खाली ठेवून साधा श्वास घेत बसणं, दोन-तीन मिनिटांत उतरतं. 'अजून खोल श्वास घ्या' हा सल्ला इथे उलटा पडतो.

आता पहिल्या पंधरवड्यात सलग ५ मिनिटांपेक्षा जास्त फुंकायचं नाही. उच्च रक्तदाब, काचबिंदू, हर्निया असलेल्यांनी किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बसायचं.

९ फेब्रुवारी. बैठकीचा आराखडा

आजपासून ठरलेली रीत. ५ मिनिटं नुसतं बसणं, १० मिनिटं रो, ५ मिनिटं नळी मांडीवर ठेवून शांत, पुन्हा १० मिनिटं रो, शेवटी ५ मिनिटं शांत. एकूण ३५.

एका रोचं माप: ३ सेकंद श्वास आत, १० ते १२ सेकंद सूर, मग ३ सेकंद काहीच नाही. दहा मिनिटांत असे ३५-एक रो होतात. मोजायचे नाहीत, घंटी वाजेल तेव्हा थांबायचं.

गाणाऱ्यांना हे पहाटे खर्ज भरण्यासारखं वाटेल, आणि दमसास दोन्हीकडे वाढतो. फरक हेतूत आहे. खर्ज भरताना आवाज घडवायचा असतो. रोबुकीत, म्हणजे रो फुंकण्यात, सूर हा श्वासावरचा पहारेकरी आहे. नुसत्या श्वासाकडे लक्ष देऊन बसलं की मन निसटल्याचं बऱ्याच उशिरा कळतं. इथे मन हललं की ओठ सैल पडतो, धारेवरची फुंक सरकते आणि सूर डगमगतो. कानाला ते लगेच कळतं. या वाद्याचा ध्यानाला होणारा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो पुष्कळ आहे. आडव्या बासरीपेक्षा इथे हे जास्त उघडं पडतं, कारण ओठ आणि धार यांतलं अंतर हनुवटीच्या किंचित हालचालीनेही बदलतं.

सुराची सुरुवात जिभेने करायची नाही, 'तु' नको. फुंक हळूच सुरू करायची, आधी नुसती हवा ऐकू येईल, मग सूर उमटेल. मध्ये भरायचा आणि टोकाला पुन्हा बारीक करत हवेत विरू द्यायचा. बांबूच्या पानाचा आकार डोळ्यांसमोर ठेवला की जमतं. दम संपेपर्यंत ताणायचं नाही. थोडा श्वास शिल्लक असताना सूर सोडला तर पुढचा श्वास धापेने घेतला जात नाही, आणि ३ सेकंदांची शांतता खरोखर शांत राहते. सूर १५ सेकंदांवर नेण्याची चढाओढ दोन जणांत सुरू झाली होती. ती थांबवली.

फुंकेचा फुसफुस आवाज सुरात मिसळलेला राहतो. तो दोष समजून काढायला जाऊ नये. या परंपरेत श्वासाचा आवाज सुराचाच भाग मानतात.

१६ फेब्रुवारी. 'रे' चा घोळ

जपानी सूरलेखनात सुरांना रो, त्सु, रे, ची, री अशी नावं आहेत. तक्त्यावर ती देवनागरीत लिहिली आणि सरगम येणाऱ्यांनी 'रे' वाचून ऋषभ शोधायला सुरुवात केली. शाकुहाचीचा रे म्हणजे पांढरी दोनच्या हिशोबाने मध्यम! 'री' तर कोमल निषाद. तोझान घराण्यात त्याच सुराला 'हा' म्हणतात, ते वेगळंच. तक्ता बदलला: सुराचं नाव मूळ काताकाना या जपानी लिपीच्या अक्षरात, शेजारी पाच गोल, बंद भोक काळं आणि उघडं पांढरं. पाच अक्षरं अर्ध्या तासात पाठ होतात.

२ मार्च. मेरी

हनुवटी खाली घेऊन सूर उतरवणं म्हणजे मेरी, वर उचलून चढवणं म्हणजे कारी. मान खाली गेली की ओठ धारेजवळ येतो आणि नळीचं तोंड जास्त झाकलं जातं, म्हणून सूर उतरतो.

जुन्या रचनांचा जीव या मेरी सुरांत आहे. नळीतून सरळ निघणारे सूर धानीचे, पण रचनांचा ओढा सा, कोमल रे, म, प, कोमल ध यांकडे असतो. आपल्याकडे हे गुणकली रागाचे सूर. त्यातला कोमल रे कोणत्याच भोकावर तयार मिळत नाही. पहिलं भोक अर्ध्याहून जास्त झाकायचं आणि हनुवटी खाली घ्यायची, तेव्हा त्सु, म्हणजे कोमल ग, पूर्ण एक स्वर उतरून तिथे पोचतो. आवाज बारीक होतो. तो मोठा करायला फुंक वाढवली की सूर परत चढतो, सगळे इथेच अडकतात. बारीक राहू द्यायचा.

मानेची हालचाल 'होय' म्हणण्याएवढी, त्याहून जास्त नको. कंबर वाकवून खाली जाणाऱ्यांची मान दुसऱ्या दिवशी आखडते.

८ मार्च. बांबू तडकला

जिनाशी नळीचा रो आठवडाभर पोकळ वाटत होता. तपासायची रीत: सगळी भोकं बोटांनी आणि खालचं टोक रबरी बुचाने बंद करायचं, वरून तोंडाने हवा ओढून जिभेने तोंड बंद करायचं. चांगली नळी तीन-चार सेकंद ओढ धरून ठेवते. ही लगेच सुटली. पहिल्या भोकाखाली केसाएवढी उभी चीर सापडली, सुमारे ६ सेंमी.

कारण: वाजवताना नळी आतून श्वासाने ओलावते, बाहेरून कोरड्या हवेत सुकते. बाहेरचा थर आक्रसतो, आतला फुगलेला राहतो, आणि बांबूचे धागे उभे असल्याने तो उभाच फाटतो. वाजवून झाल्यावर नळी पुसून पिशवीत ठेवायचं ठरलं होतं, पण ती दोन रात्री फळीवर उघडी राहिली.

दुरुस्ती: नळी जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर स्पंजच्या तुकड्यासोबत दोन दिवस ठेवायची, स्पंज बांबूला टेकू द्यायचा नाही. चीर आपोआप मिटते. मग बाहेरून पातळ सुपरग्लू बारीक सुईने चिरेवर, आत ओघळू न देता. त्यावर तीन ठिकाणी नायलॉन दोऱ्याचे घट्ट वेढे. दोऱ्याचं टोक बॅटच्या मुठीला गुंडाळतात तसं वेढ्यांखालून ओढून घ्यायचं, गाठ नको. जपानात यासाठी वेताची पट्टीही वापरतात.

आतून पुन्हा उरुशी लावावी का, अशी चर्चा झाली. उरुशी म्हणजे जपानी झाडाच्या चिकाचं लाखेसारखं रोगण. ते झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं आहे आणि ओली उरुशी लागली तर कातडी बिब्बा उतल्यासारखी होते. अनुभव नसताना हात लावायचा नाही, असं ठरलं.

पीव्हीसी नळ्यांना यातलं काही लागत नाही. आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि साबण, आणि ज्याची नळी त्यानेच वापरायची.

२३ मार्च. ट्यूनर बंद

नळ्या घडवताना ट्यूनरशिवाय चालत नव्हतं. बैठकीत तो नको, हे आज पक्कं केलं. मोबाइलचा काटा समोर असला की लक्ष काट्याकडे जातं आणि हनुवटी त्याच्यामागे हलत राहते.

एकमेकांशी सूर जुळवायला कान पुरतो. जानेवारीतल्या त्या दोन चढ्या नळ्या पट्टी काढून मुद्दाम बाकीच्यांबरोबर फुंकल्या. १५ सेंटच्या फरकाने रोमध्ये सेकंदाला साधारण अडीच हेलकावे ऐकू येतात. चढ्या नळीवाल्याने हनुवटी हळूहळू खाली आणली तसे हेलकावे संथ होत गेले, आणि एका क्षणी थांबले. त्या वेळी खोलीत सूर एकच होता आणि तो कुठल्या नळीतून येतो ते ओळखता येत नव्हतं. कान तयार करायला हा सराव ट्यूनरपेक्षा चांगला. दर बैठकीत पाच मिनिटं ठेवला आहे.

६ एप्रिल. चोशी

अकराव्या आठवड्यात पहिली छोटी रचना. 'चोशी' ही वाद्य आणि श्वास जुळवून घेण्यासाठी सुरुवातीला वाजवतात. कोमुसोंच्या अशा रचनांना होनक्योकु म्हणतात. अठराव्या शतकात कुरोसावा किन्को यांनी ३६ रचना एकत्र केल्या, त्यावरून किन्को घराणं उभं राहिलं.

इथे ताल नाही. एक श्वास म्हणजे एक ओळ, पुढे थांबा, मग पुढची ओळ. तबल्यासोबत वाढलेला कान थांब्यात मात्रा मोजू लागतो आणि पायाचा अंगठा हलायला लागतो. थांब्याची लांबी पुढचा श्वास आपणहून यायला जेवढा वेळ लागेल तेवढी. एकच सूर पुन्हा वाजवायचा असेल तर फुंक न तोडता बोटाने भोकावर हलकी टिचकी द्यायची.

चोशीने रोची जागा घेऊ नये. दुसऱ्या १० मिनिटांच्या भागात फक्त एकदा चोशी, बाकी रोच.

१३ एप्रिल. पुढच्या खेपेसाठी

सहाही नळ्या चालू आहेत. एका नळीच्या धारेवर दाताचा ओरखडा होता, ८०० नंबरच्या कागदाने निघाला. सकाळच्या खोलीत आता २६ अंश असतात, रो जानेवारीपेक्षा सरळ आणि लवकर लागतो.

लहान हातांच्या दोघींची उजवी अनामिका शेवटपर्यंत ताणली जात होती. पुढच्या नळ्यांत पहिलं भोक त्याच उंचीवर ठेवून मध्यरेषेपासून ५ मिमी उजवीकडे सरकवायचं. सुराला फरक पडत नाही, बोट सरळ बसतं. डावखुऱ्यांना, म्हणजे उजवा हात वर धरणाऱ्यांना, तेच भोक डावीकडे.

पाइपचे दोन तुकडे शिल्लक आहेत, ५५० मिमीचे. ते मे महिन्यात कापायचे नाहीत.